मान वर करून दाखवा!

निऑनची पाटी बघायची म्हणजे काय, मान वर करायची, बघायचं, घरी यायचं. असं ज्याला वाटतं त्यानं संध्याकाळी सातच्या सुमारास बेळगावच्या खडेबाजारात मान वर करून दाखवावी. इथं समोर बघून चालणाऱ्याच्याही बरगडीत कुणाच्या तरी स्कूटरचं हँडल येतं.

बाजारातल्या एका जुन्या साडीदुकानाची पाटी मालकांच्या मुलानं हौसेनं दुरुस्त करून घेतली. कित्येक वर्षं तिच्यात कबुतरांचा संसार चालला होता. एलईडीची पट्टी न चिकटवता त्यानं खरी काचेची नळी वाकवून घेतली, ही बातमी व्हॉट्सॲपवरून बेळगावातच आमच्या शहापुरात पोचली आणि आमच्या आबांनी (माझे चुलते, उभा जन्म मागावर गेलेला) ठेवणीतलं धोतर काढलं. यांच्या साड्या त्या दुकानात जायच्या, पण दिवे लागायच्या वेळी हे मागावर, त्यामुळे पेटलेली पाटी कधी नीट बघितलीच नव्हती. व्हिडिओ दाखवला तर म्हणाले, "मोबाईलवर काय बघायचं? मोबाईलवर पॅरिसपण दिसतंय."

पॅरिसचं नाव निघालंच म्हणून मी रिक्षात ज्ञान पाजळलं. रॅमसे आणि ट्रॅव्हर्स यांनी १८९८ मध्ये लंडनला निऑन वायू शोधला, जॉर्ज क्लोद यांनी १९१० मध्ये पॅरिसच्या मोटार प्रदर्शनात त्याच्या नळ्या पेटवून दाखवल्या. आबांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "अन् खडेबाजारात कधी आलं, ते लिवलंय काय?"

नव्हतं लिहिलेलं.

खरी अडचण पुढेच. पाटी दुसऱ्या मजल्यावर. दुकानाखाली उभं राहिलं तर अक्षरांचे तळवे दिसतात. समोरच्या फुटपाथवर गाऊन आणि बेल्टवाल्यांचं राज्य, डोक्यावर निळी ताडपत्री. म्हणजे पाटी वाचायला जागा एकच, रस्त्याचा मधोमध. आणि तिथं उभं राहायचा हक्क आमच्या गावात फक्त गाईला आहे.

त्यात खाली जमलेली मंडळी पाटी वाचत नव्हती, मोजत होती. २०२४ च्या कायद्यानं पाटीवर साठ टक्के कन्नड हवं. ही पाटी जुन्या जमान्यातली, वर मराठी, खाली इंग्रजी. तिच्याखाली मालकांनी भलामोठा कन्नड फलक लावलेला. सगळं मिळून हिशेब बसतो का, यासाठी एक गृहस्थ स्कूटर स्टँडवर लावून, हवेत वीत पसरून, दुरूनच माप घेत होते.

मालकांनी आबांना ओळखलं. "या या, वर गॅलरीत या की!" वर गेलो तर पाटीची पाठ! अक्षरं उलटी आणि ट्रान्सफॉर्मरची अखंड गुणगुण. असल्या ट्रान्सफॉर्मरचा दाब पंधरा हजार व्होल्टपर्यंत जाऊ शकतो हे आठवून मी भिंतीला चिकटलो. आबांनी मात्र नळीला नाक लावायचं तेवढं बाकी ठेवलं. जवळून एक गंमत कळली. अक्षर संपलं तरी नळी संपत नाही, तशीच पुढच्या अक्षराकडे जाते, मधला तुकडा काळा रंग फासून लपवलेला. "बुट्ट्याच्या मागच्या सुतावानी," आबा पुटपुटले. मुलानं सांगितलं, ज्योतीवर काच मऊ करून हातानं वाकवतात आणि वाकवताना रबरी नळीतून फुंकर घालत राहतात, नाहीतर वळणावर काच चपटी होते. मी माझी भर घातली: तांबडी ओळ तेवढी निऑनची, निळीत आर्गॉन आणि पारा.

"म्हंजे निम्मीच खरी म्हणा की," आबा म्हणाले. मालकांचा चेहरा पडला.

आणि लाईट गेली.

इन्व्हर्टरवर दुकानं उजळली, पाटी सोडून. चहा आला, मालकांच्या मुलाच्या लग्नाचा विषय निघून मिटलासुद्धा. लाईट आली तेव्हा आबा शेजारी नव्हते. खाली बघतो तर रस्त्याच्या मधोमध, एक हात ट्रॅफिक पोलिसासारखा वर, समोर टेम्पो.

"एन नोडाकत्तीरी, अज्जा?" टेम्पोवाल्यानं खिडकीतून डोकं काढलं.

"बोर्ड."

त्यानंही वर बघितलं. इंजिन बंद केलं. तांबडी ओळ मोठ्यानं, अडखळत वाचली आणि गॅलरीकडे बघून विचारलं, "इलकल आहे काय हो? केवढ्याला?"

"आत या, दाखवतो!" मालक वरून ओरडले.

मागे हॉर्नचा नुसता कल्ला उसळला होता. टेम्पोवाला चावी काढून दुकानाकडे निघाला. आबांनी हात खाली घेतला नव्हता. निळी ओळ इंग्रजीत होती, तिला जरा वेळ लागत होता.