वरचं ठेवायचं की खालचं?

लोणी काढताना आमच्या आईला कधी प्रश्न पडला नाही. घुसळलं की लोणी वर येतं, ताक खाली राहतं, आणि घरात दोन्ही खपतं. माझ्या पीएचडीतल्या घुसळण्यात मात्र दर तासाला नियम बदलतो आणि निम्मा माल बेसिनात जातो.

मी फेज शुद्ध करतो. फेज म्हणजे जिवाणूंना ग्रासणारा विषाणू. १९१७ साली द'हेरेल यांनी त्याचं ‘बॅक्टेरिओफेज’ असं बारसं केलं. त्यांनी तो चिनी मातीच्या कँडलमधून गाळला होता, आपल्या जुन्या पाण्याच्या फिल्टरमध्ये असायची तसल्या. सुखी माणूस!

मी लिटरभर ई. कोलायमध्ये फेज सोडला. ताकासारखं गढूळ कल्चर काही तासांत निवळलं. जिवाणू फुटले, फेज बाहेर आले. मग ५८.४ ग्रॅम मीठ घालायचं, म्हणजे फेज गाळापासून सुटतात. तासभर बर्फात ठेवून पहिला स्पिन, म्हणजे सेंट्रिफ्यूज यंत्रात ट्यूबा गरागरा फिरवायच्या. तळाशी चिकटतो तो पेलेट; त्यात जिवाणूंचा कचरा, फेज वरच्या पाण्यात. वरचं ठेवा, खालचं फेका. पाठ झालं.

त्या पाण्यात १०० ग्रॅम पीईजी, म्हणजे पॉलिइथिलीन ग्लायकॉल. दिसायला थेट कपडे धुवायच्या पावडरीसारखं. त्याच्या गर्दीत फेजना जागा उरत नाही, ते एकमेकांना बिलगून रात्रभरात ४ अंशांवर साक्यासारखे खाली यायला लागतात. सकाळी ११,००० जीवर, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या अकरा हजार पट जोराने, दहा मिनिटं स्पिन. कालचा पाठ म्हणत मी वरचं पाणी जपून बाटलीत ओतलं, सुवाच्य अक्षरात लेबल लावलं आणि ट्यूबा घासून टाकल्या. साबण लावून.

‘‘पेलेट कुठंय?’’ माझ्या गाइड मॅडमनी विचारलं.

‘‘कुठला पेलेट?’’

मॅडमनी चष्मा काढला. त्या रागावल्या की चष्मा काढतात; बहुधा मी धूसर दिसलो की त्यांना बरं वाटतं.

माझी बाजूही ऐका. तो पेलेट दिसतच नाही हो! ट्यूबच्या एका भिंतीला, काचेवर श्वास सोडल्यावर येतो तेवढाच पुसट डाग. आता मी रोटरमध्ये, म्हणजे यंत्राच्या फिरत्या भागात, ठेवण्याआधीच ट्यूबच्या बाहेरच्या अंगाला मार्करने टिंब काढतो. डाग तिथंच सापडतो.

दुसऱ्या खेपेला पेलेट वाचला. तो बफरमध्ये, म्हणजे आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात, अलगद भिजवायचा. दणादण हलवला तर फेजच्या शेपट्या तुटतात. मग क्लोरोफॉर्म. त्यात पीईजी नि कचरा खाली, फेज पुन्हा वर! आणि शेवटी सीझियम क्लोराइड या जड क्षाराच्या द्रावणाचे १.४५, १.५ आणि १.७ घनतेचे थर. समोरासमोरच्या ट्यूबा सोनाराच्या निष्ठेने थेंबथेंब टाकून समतोल केल्या आणि मिनिटाला २२,००० फेऱ्यांवर दोन तास सोडल्या. या वेळी फेज वर नाही, खालीही नाही. आपल्या घनतेच्या जागी, मध्ये!

मागे काळा कागद धरला, वरून टॉर्च मारला. निळसर, दुधी, नखाएवढा पट्टा. खाली किंचित सुई खुपसून तो ओढेपर्यंत मी श्वास घेतला नाही. भरला अर्धा मिलिलिटर.

त्याच आनंदात आईला व्हिडिओ कॉल लावला.

‘‘लिटरभरातून एवढंसंच?’’ ती म्हणाली. ‘‘आणि ताक काय केलंस?’’

‘‘ओतून दिलं.’’

आईनेही चष्मा काढला.