‘दिशाभूल’ म्हणणाऱ्या प्रतिक्रियेला उत्तर: एचओ की एन

तुमची प्रतिक्रिया वाचली, परत वाचली, आणि मग ठरवलं की चार ओळींत उत्तर देऊन भागणार नाही. मॉडेल रेल्वेच्या छंदाबद्दल मी लिहिलं होतं की ज्यांच्याकडे चार फुटांपेक्षा रुंद बोर्डाला जागा नाही आणि तरी लांब पॅसेंजर गाडी पळवायचीये, त्यांनी एचओच्या (खऱ्या गाडीच्या १:८७ मापाच्या) आधी त्याहून लहान एन स्केलचा (१:१६०) विचार करावा. त्यावर तुमचं म्हणणं, ही नवशिक्यांची दिशाभूल आहे, एनची इंजिनं जागोजागी अडतात, सामान एचओइतकं मिळत नाही, आणि शेवटी हे वाक्य: "ज्याने एचओ कधी नीट चालवलं नाही त्याने स्केलवर सल्ले देऊ नयेत."

मतं वेगळी असू देत, माझी काहीच हरकत नाही. पण आपण ज्याला कधी भेटलो नाही, ज्याचं काम पाहिलेलं नाही, त्याच्याबद्दल असं ठोकून द्यायचं? विचारलं असतंत तर सांगितलं असतं ना. आणि समजा मी एचओ चालवलं नसतं, तरी मी दिलेली मापं चूक ठरतात का? त्या मापांबद्दल तुमच्या प्रतिक्रियेत एक अक्षर नाही.

आता विषय काढलाच आहे तर ऐका. माझी सुरुवातच एचओने झाली. चार बाय आठच्या प्लायवर ओव्हल, अठरा इंची रेडियस (वळणाची त्रिज्या), आत दोन सायडिंग (बाजूचे रूळ), आणि तो लेआउट मी वर्षानुवर्षं चालवला. मालगाडीचे आखूड डबे आणि शंटिंगचं इंजिन होतं तोवर सगळं झकास. घोडं अडलं ते लांब डबे आणल्यावर. कर्व्हवर डब्याचं पोट आत यायचं आणि टोकं बाहेर, बोगद्याच्या तोंडाशी डब्याचा कोपरा घासून घासून रंग उडाला, आणि गाडी मागे ढकलली की डब्यांच्या टोकांचे बफर एकमेकांत अडकून मधलाच डबा रुळावरून खाली. डबे जोडणारे कपलर बदलले, डब्यांत वजन घातलं, बोगद्याचं तोंड कापून रुंद केलं. फरक पडला नाही, कारण दुखणं डब्यात नव्हतंच, रेडियसमध्ये होतं.

हिशोब करून बघा. युरोपात २६.४ मीटरचा डबा सर्रास चालतो. एचओत, म्हणजे १:८७ ला, तो साधारण ३०३ मिमी होतो आणि एनमध्ये, १:१६० ला, १६५ मिमी. लांब डबे बरे दिसायला आणि नीट चालायला रेडियस डब्याच्या तिप्पट तरी हवा हा या छंदातला ठोकताळा तुम्हालाही माहीत असणार. म्हणजे एचओला ९० सेंमी, नुसती गाडी वळवून परत आणायची म्हटलं तरी बोर्ड सहा फुटांहून रुंद. एनला ५० सेंमी रेडियस, तो चार फुटांत आरामात बसतो. आणि हे काही माझ्या डोक्यातून आलेलं नाही, एचओ बनवणाऱ्या कंपन्यांनी स्वतःच हे डबे लांबीला १:१०० ने आखूड करून २६४ मिमीचे विकले, उंची-रुंदी मात्र १:८७ ची ठेवून, कारण घरातल्या तंग कर्व्हवर पूर्ण लांबीचा डबा धड चालत नाही.

एक गोष्ट मान्य करतो. एनचं इंजिन हलकं असतं. तिन्ही मापं कमी झाली की आकारमान जवळजवळ सहाव्या हिश्श्यावर येतं, त्यामुळे चाक रुळावर पुरेसं दाबून बसत नाही आणि जराशी धूळ असली तरी रुळातून येणारी वीज तुटते. रूळ दोन दिशांना फुटतात त्या सांध्याचा फ्रॉग, म्हणजे रूळ एकमेकांना छेदतात तो तुकडा, प्लॅस्टिकचा असेल तर तिथे आखूड इंजिन थबकतं, हे खरंय. पण "जागोजागी"? सांध्याच्या फ्रॉगला वीज द्या, सगळ्या चाकांतून वीज घेणारं इंजिन घ्या, रूळ पुसत जा, हे सगळं मी लिहिलेलं आहे, तुम्ही तिथपर्यंत वाचलं नसेल तर मी काय करणार.

सामानाचं म्हणाल तर एचओचा पसारा मोठा आहेच, मी नाही कधी म्हटलं? त्यावर वाद नको.

मला राग याचा आलाय की असा ठसक्यात लिहिलेला शेरा नवा माणूस खरा धरतो. सगळे एचओच घेतात म्हणून तोही घेतो, रूळ ठोकतो, वायरिंग करतो, बॅलास्टची खडी चिकटवतो, आणि एवढं सगळं झाल्यावर त्याला कळतं की आवडती गाडी या बोर्डावर वळणारच नाही. दिशाभूल म्हणायची तर ही म्हणा.

तुमच्या लेआउटचा सगळ्यात लहान रेडियस किती आणि त्यावर चालणारा सगळ्यात लांब डबा किती मिमीचा, एवढं कळवा, त्यावर जरूर बोलू. मी आयुष्यात काय चालवलं आणि काय नाही यावर यापुढे उत्तर देणार नाही.