अमावस्या-पौर्णिमेला खरंच ‘वाढतं’ का?

मानसिक आजार असलेल्या माणसाच्या घरी “अमावस्या-पौर्णिमेला त्याचं वाढतं” हे हमखास ऐकू येतं. पाठोपाठ युक्तिवाद येतो: चंद्रामुळे समुद्राला उधाण येतं, शरीरात तर निम्म्याहून जास्त पाणीच आहे. पटतं, कारण उधाण दोन्ही तिथींना येतंच. पण भरती येते ती हजारो किलोमीटर पसरलेल्या समुद्राच्या दोन टोकांवर चंद्राची ओढ कमी-जास्त असते म्हणून. मुंबईच्या किनाऱ्यावर पाणी साडेचार मीटरच्या वर चढतं तेव्हा पवई तलाव जागचा हलत नाही. साडेपाच फुटांच्या देहात तो फरक कुठून येणार?

१९८५ मध्ये रॉटन आणि केली या संशोधकांनी चंद्रकला आणि वेडसर वागणं यांवरचे ३७ अभ्यास एकत्र तपासले. वागण्यातल्या चढउतारांत चंद्राचा वाटा एक टक्क्याहूनही कमी निघाला. काही अभ्यासांत तर वारांचा हिशेबच चुकला होता. पौर्णिमा शनिवार-रविवारी जास्त वेळा आली की अपघात वाढलेले दिसणारच.

झोपेचं मात्र वेगळं आहे, आणि ते मी गांभीर्याने घेते. अर्जेंटिनातल्या टोबा या आदिवासी लोकांच्या मनगटावर झोप मोजणारी यंत्रं बांधून केलेला अभ्यास २०२१ मध्ये आला. पौर्णिमेच्या आधीच्या तीन-पाच रात्री लोक उशिरा झोपत होते आणि कमी झोपत होते. शुद्ध पक्षाच्या शेवटी सूर्य मावळतो तेव्हाच चंद्र वर आलेला असतो, म्हणून संध्याकाळ उजेडाची. पौर्णिमेनंतर तो रोज सरासरी ५० मिनिटं उशिरा उगवतो. पण अमेरिकेतल्या सिअ‍ॅटल शहरातल्या विद्यार्थ्यांतही असाच कल दिसला, आणि शहराच्या दिव्यांपुढे चांदणं ते किती? तिथलं कारण अजून पक्कं नाही.

झोप मोडली की चिडचिड वाढते. बायपोलर आजारात, म्हणजे ज्यात उन्माद आणि नैराश्य यांचे झटके येतात त्यात, तर अपुऱ्या झोपेने उन्मादाचा झटकाही येऊ शकतो. म्हणून घरच्यांनी तिथीपेक्षा झोपेवर नजर ठेवावी.

नोंद अशी ठेवा. एक वही घ्या. रोज सकाळी झोपायची आणि उठायची वेळ, रात्री मनःस्थितीला १ ते १० पैकी आकडा, औषध घेतलं की चुकलं, चहा-कॉफी किती वाजेपर्यंत, भांडण, प्रवास, पाळीची तारीख. तिथी अजिबात लिहू नका. एक चांद्रमास साडेएकोणतीस दिवसांचा, म्हणून निदान तीन महिने तरी लिहा, आणि मगच कॅलेंडर शेजारी ठेवा. नोंद फसते ती बहुतेकदा एकाच कारणाने: वाईट दिवस तेवढे लिहिले जातात. अमावस्येला झालेलं भांडण वर्षभर लक्षात राहतं, शांत गेलेल्या अमावस्या कुणी मोजत नाही. सपाट, कंटाळवाणे दिवसही लिहा.

वही डॉक्टरांना दाखवा. बहुतेकदा त्यांच्या कामाचा निघतो तो चुकलेल्या गोळ्यांचा रकाना. तिथी बघून गोळी वाढवू-कमी करू नका. दोन-तीन रात्री झोप अगदी कमी, तरी अंगात उत्साह मावत नाही, बोलणं थांबत नाही, पैसे उधळले जाताहेत, असं दिसलं तर “अमावस्या सरू दे” म्हणून थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. जीव देण्याची भाषा आली तर माणसाला एकटं सोडू नका, थेट रुग्णालयात न्या. कुठे जायचं सुचत नसेल तर सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्याची फोन सेवा १४४१६ वर चोवीस तास चालू असते, मराठीतही बोलता येतं.