शेंडा खुडूनही टोमॅटो दिव्याला का भिडतो? एका प्रतिक्रियेला उत्तर

घरात कपाटात, दिव्याखाली वाढवलेल्या मिरची-टोमॅटोची उंची आवरायला शेंडा खुडा, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुमचे आक्षेप दोन. शेंडा खुडला की रोप आठवडाभर थांबतं, फळ लांबतं. आणि खुडूनही तुमचा टोमॅटो दिव्याला भिडलाच. त्यापेक्षा लहान कुंडी बरी, असं तुमचं म्हणणं.

रोप थांबतं हे खरंच. शेंड्यातलं ऑक्सिन हे वाढीचं संप्रेरक खालचे डोळे (फांद्यांचे अंकुर) दाबून ठेवतं. शेंडा गेल्यावर ते फुटायला वेळ लागतो. म्हणून मिरची खुडायची तर पाच-सहा खऱ्या पानांवर (बीजातली पहिली दोन पानं सोडून). पहिल्या कळीपाशी ती आपणहून दुभंगते, त्यानंतर कात्री लावून फारसं काही साधत नाही. टोमॅटोचं तसं नाही. सतत वाढणाऱ्या जातीत शेंडा काढला की सर्वांत वरची बगलफूट, म्हणजे पानाच्या बगलेतून फुटणारी फांदी, त्याची जागा घेते. तीही खुडली नाही तर उंची चालूच राहते. तुमच्याकडे बहुधा हेच झालं. ठरावीक उंचीवर थांबणाऱ्या झुडपी जातीचा शेंडा मात्र काढूच नका, फुलांचे घोस हातचे जातात.

लहान कुंडीत उंची कमी राहते, पण मुळं कोंडून. पानं-फळंही त्याच मापाने घटतात. शिवाय माती भराभर सुकते, पाण्यात खंड पडतो, फळाच्या टोकापर्यंत कॅल्शियम पोचत नाही आणि टोमॅटोचा तळ काळा पडतो. हा सौदा मला तरी परवडत नाही.

आधी जागेचा हिशेब करा. कपाट १५० सेंमी असेल तर कुंडी २५, दिवा आणि त्याची साखळी १२, दिवा-शेंडा अंतर ३०. रोपाला उरले ८३. मग दोन पानांमधलं अंतर, म्हणजे पेरं, बघा. ते वर वर वाढत जात असेल तर दोष प्रकाशाचा किंवा दाटीचा. शेजारची पानं लाल प्रकाश शोषतात आणि त्यापलीकडचा अतिलाल परतवतात. रोपाला वाटतं सावली आली, आणि दिवा चांगला असूनही ते ताणत सुटतं. पानाला पान लागण्याआधी कुंड्या लांब करा. दिवा हळूहळू खाली आणा. वरची पानं पांढुरकी पडली किंवा कडा वर वळल्या की थोडा उचला. बंद कपाटात दिवे रात्री लावा, म्हणजे रोपाचा ‘दिवस’ थंड राहतो. दिवस-रात्रीच्या तापमानातला फरक घटला की पेरं आखूड पडतात.

तरीही उंची हाताबाहेर जात असेल तर कापण्याआधी वाकवा. पाणी घालण्यापूर्वी, खोड किंचित मऊ असताना. पाणी प्यालेलं खोड काडकन मोडतं. आधी बुंधा उलट्या बाजूला बांधून घ्या, नाहीतर मुळांसकट गड्डा उचकटतो. मग खोडाचा हिरवा भाग मऊ पट्टीने कुंडीच्या काठाला आडवा बांधा. शेंडा एक-दोन दिवसांत परत वर वळतो, तेव्हा पट्टी पुढे सरकवा. खोड मोडलंच, पण साल धरून असेल, तर सरळ करून चिकटपट्टी गुंडाळा आणि आठ-दहा दिवस हात लावू नका.