डब्यावर कार्टून छापताय? मग एवढं कराच

पोरांच्या डब्यावर कार्टून छापून विकायचंय? रीतसर लायसन्स घ्या. सांगलीच्या बाजारात बिनलायसन्सचा माल बिनघोर खपतो, तिकडं बघू नका. आपण सरळ माणसं. मिनिमम गॅरंटी भरा, म्हणजे कार्टूनवाल्या कंपनीला रॉयल्टीची (विक्रीतल्या वाट्याची) ठरलेली किमान रक्कम, डबा खपो न खपो. रॉयल्टी तिच्याही वर गेली तर वरचे पैसे, आणि रॉयल्टीवर १८ टक्के जीएसटी.

त्या कार्टूनवाल्या कंपनीच्या विलीनीकरणाची बातमी आली की पेढे वाटा.

जुन्या साहेबाचा नंबर डिलीट करा. तो आता तिथं नाही.

आणि माल वेळेवर छापू नका. मी तो शहाणपणा केला. जूनची शाळा धरून एप्रिलमध्येच कुपवाड एमआयडीसीत बाराशे डबे छापून घेतले. डिझाइन मंजूर, असली मालाचे होलोग्राम स्टिकर मोजून आलेले. तेवढ्यात नव्या मालकाचा मेल. झाकणाच्या कडेला कॉपीराइटची बारीक ओळ असते ना, मुंगीएवढ्या अक्षरातली? तिच्यात जुन्या कंपनीचं नाव आहे, म्हणून माल थांबवा, डिझाइन परत मंजुरीला टाका. टाकायचं कुठं? जुनं पोर्टल बंद, नवं ‘लवकरच’. फोन केला की आधी सनई, मग “सर, तुमचं अकाउंट मायग्रेट होतंय.” शाळा भरली, पोरं दुसऱ्याच डब्यातनं चपाती-भाजी घेऊन गेली. माझे डबे माळ्यावर. (२०१९ च्या पुरापासनं आमच्याकडं सगळं माळ्यावरच चढतं.) गॅरंटीच्या हप्त्याचं बिल मात्र नव्या लेटरहेडवर, नव्या खात्याच्या आयएफएससीसकट, तारखेला हजर! त्याचं मायग्रेशन बरं झालं.

आयएफएससीवरनं आठवलं, १ एप्रिल २०२० ला दहा सरकारी बँकांच्या चार झाल्या, तेव्हाची चेकबुकं जपून ठेवा. रद्दीला चांगली.

दाद मागायचीय? मोठ्या सौद्यांना स्पर्धा आयोगाची परवानगी लागते. बाजारातली स्पर्धा मरते का, ते आयोग बघतो. माझ्या माळ्यावर काय मेलंय ते बघणं त्याच्या कामात येत नाही.

अहो नवे मालक, पण तुम्हाला तरी काही वाटतं का? एवढी कंपनी गिळताना तुमच्या वकिलांनी एकेक कागद चाळला, त्यात माझा करारही होता. मालकी बदलली तर तुम्ही तो मोडू शकता, हे कलम बरोबर सापडलं. मला मोडायची सोय तुम्ही ठेवलीच नाहीत. ‘छापलेला माल सहा महिने विका’, एवढी एक ओळ लिहायला तुमच्या अख्ख्या हापिसात माणूस नाही? हप्ता थकला की फोन करायला बरा सापडतो! परवा आलाच त्याचा. त्याला माळ्यावर चढवून बाराशे डबे मोजायला लावणार आहे.