तो ट्रॅक पुढे ढकलू नका : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. इतकं सविस्तर भांडलात, बरं वाटलं. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : सुरुवातीच्या इटालियन ऑपेरांतला प्रोलॉग, म्हणजे मूळ कथेआधी गायला जाणारा प्रवेश, ही नुसती यजमानाची खुशामत, तो ट्रॅक तुम्ही न ऐकता सरळ पुढे ढकलता, आणि मी त्याला 'नांदी' म्हटलं ते ओढूनताणून.

नांदीचं कबूल. नांदीत देवाची आळवणी असते. मोंतेवेर्दी या संगीतकाराच्या 'ओर्फेओ'त (गायक ओर्फेओ मेलेल्या बायकोला, एउरिदिचेला, पाताळातून परत आणायला जातो ती ग्रीक कथा) मात्र 'ला मुझिका', म्हणजे साक्षात संगीतच, येऊन स्वतःची ओळख करून देतं. तेव्हा 'नांदी' हा शब्द मागे घेतो.

खुशामतही आहेच. प्रयोग १६०७ सालचा, मांतुआच्या गोंझागा दरबारातला. पहिल्याच कडव्यात मुझिका समोरच्यांना राजरक्ताचे वीर म्हणते. पण कडवी पाच आहेत हो! पुढे ती म्हणते, मी अस्वस्थ मनं शांत करते आणि थिजलेल्या मनांत कधी राग, कधी प्रेम पेटवते. हे सांगायची गरज का पडावी? प्रयोगाच्या आदल्या दिवशी कार्लो माग्नो नावाच्या दरबाऱ्याने भावाला पत्र लिहिलं. त्याला नवल कशाचं, तर सगळी पात्रं गाण्यातच बोलणार याचं! अशा प्रेक्षकाला आधी गाण्याचं कारण पटवावं लागतं.

पाचही कडव्यांना खालच्या बेसची, म्हणजे साथीतल्या खर्जाच्या सुरांची, चाल एकच, वरची सुरावट मात्र दर वेळी थोडी निराळी. (भूमिका बाईची; गायला फ्लॉरेन्सहून उसना आणलेला माल्यी नावाचा कास्त्राटो, म्हणजे आवाज फुटू नये म्हणून लहानपणीच खच्ची केलेला गायक.) शेवटच्या कडव्यात ती सांगते : मी गात असताना झाडावरचं पाखरू हलू नये, काठावर लाट वाजू नये, वाऱ्याची झुळूकही थांबावी. 'गप्प बसा' हे यापेक्षा देखणं कुणी सांगितलेलं मला तरी माहीत नाही.

फ्लॉरेन्समध्ये १६०० साली झालेल्या, त्याच कथेवरच्या पेरी या संगीतकाराच्या 'एउरिदिचे'त प्रोलॉग गाते ती शोकांतिका स्वतः, आणि आज रक्तपात नाही असं बजावते. निमित्त मारिया दे मेदिचीचं लग्न; तिथे नायिका जिवंत परत येते. लग्नघरात दुसरं चालणार तरी काय!

पुढे व्हेनिसला कुणालाही तिकीट काढून ऑपेरा बघायची सोय झाली. तिथल्या १६४३ च्या 'पोपेआ' या ऑपेराच्या प्रोलॉगमध्ये खुशामत करायला यजमानच नाही. दैव आणि सद्गुण थोरपणावरून भांडतात, आणि मदन दोघांना सुनावतो की जग माझ्या इशाऱ्यावर चालतं. पुढे तत्त्वज्ञ सेनेकाला मरावं लागतं आणि रोमन सम्राट नीरोची प्रेयसी पोपेआ सम्राज्ञी होते. पोपेआवर मारेकरी येतो तेव्हा तिला वाचवायला हाच मदन उतरतो. प्रोलॉग गाळलात तर तो तिथे एकदम कुठून उगवला, असं वाटेल.

नंतरनंतर हे देवदेवतांचे तंटे साचेबंद झाले. ते ट्रॅक खुशाल ढकला.

'ओर्फेओ'चा मात्र नको. मुझिकाच्या कडव्यांमधून वाजणारा तो छोटा रितोर्नेल्लो, म्हणजे परतपरत येणारा वाद्यांचा तुकडा, दुसऱ्या अंकाच्या शेवटी परत येतो, एउरिदिचे गेल्याचा शोक आटोपताना. आणि पाचव्या अंकाच्या तोंडाशी पुन्हा, ओर्फेओने तिला दुसऱ्यांदा गमावल्यावर. सुरुवात न ऐकणाऱ्याला तो ओळखू कसा येणार?