समुद्राचा सातबारा

एप्रिल 2025 मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा कोल्हापूरहून माझ्या मामेभावाचा फोन आला. "आता कोळ्या-गाबितांनाबी शेतकऱ्यासारखं कर्ज आणि वीज मिळणार, आणखी काय पाहिजे?" असे त्याचे म्हणणे होते. या निर्णयाचे मीही मनापासून स्वागत करतो. परंतु करवीर तालुक्यातला शेतकरी बँकेत जातो तो हातात सातबारा घेऊन, आणि मालवणच्या रापणकराजवळ, म्हणजे किनाऱ्यावरून जाळे ओढणाऱ्या मच्छीमाराजवळ, तोच नसतो.

मी अनेक वर्षे जपानमधील शिझुओका येथे राहतो. जवळच युइ नावाचे बंदर आहे. तेथील 'साकुराएबि' ही इवलीशी गुलाबी कोळंबी म्हणजे आपल्या जवळ्याची थोरली बहीणच. वसंतात ती फुजी नदीच्या पात्रात वाळत घालतात, तेव्हा चैत्र यात्रेला जोतिबाच्या डोंगरावर पडलेल्या गुलालाची मला दरवेळी आठवण होते. या कोळंबीचे उत्पन्न सर्व परवानाधारक होड्यांमध्ये वाटून घेण्याची पद्धत येथे काही दशकांपासून आहे, त्यामुळे शेजाऱ्याच्या आधी जाळे टाकण्याची घाई कोणाला करावी लागत नाही. 2018 मध्ये कोळंबी घटली, तेव्हा शरद ऋतूतील मासेमारी मच्छीमारांनी आपण होऊन थांबवली.

त्यांना हे जमते, कारण त्यांच्या संस्थेच्या शब्दाला बंदरात वजन आहे. जपानच्या 1949 च्या मत्स्यव्यवसाय कायद्यानुसार किनाऱ्यालगतच्या पाण्यात मासेमारीचा सामाईक हक्क स्थानिक मच्छीमार सहकारी संस्थेला ठरावीक मुदतीसाठी मिळतो. शंख-शिंपले आणि समुद्री शेवाळ यांच्याबरोबर किनाऱ्यावरून ओढायचे जाळे, म्हणजे आपली रापणच, या हक्कात मोडते.

आपल्याकडे 1981 चा सागरी मासेमारी नियमन कायदा आहे, 2016 मध्ये माशांचा अख्खा थवा वेढून धरणाऱ्या पर्ससीन जाळ्यांवर निर्बंध आले आणि 2021 च्या दुरुस्तीने दंडही वाढला. हे सगळे आवश्यकच होते. मात्र कोणी कुठे येऊ नये एवढेच हे नियम सांगतात, ते पाणी कोणाच्या राखणीत आहे हे सांगत नाहीत. रात्री एलईडीच्या झगमगाटात मासे गोळा करणारी बोट किनाऱ्यावरच्या माणसाला सर्वांत आधी दिसते, पण तिला अडवण्याचा अधिकार त्याला नसतो, आणि गस्तीनौका पोहोचेपर्यंत बोट निघून गेलेली असते.

कोल्हापूरकराला ही गोष्ट समजायला अवघड जाऊ नये. पंचगंगेच्या खोऱ्यात सहकारी पाणीपुरवठा संस्था उभ्या राहिल्या त्या नदीतून पाणी उचलण्याच्या परवान्यावर. लहानपणी मध्यरात्री पाळी आली की वडिलांच्या पुढे बॅटरी धरून मी उसात उभा राहत असे. पाळी मोडून पाणी घेतले तर संस्था दंड करी आणि तो भरला जाई, कारण पाण्याचा हक्क तिच्या नावावर होता. कोकणातही मच्छीमार संस्था आहेत, पण त्यांचा बहुतेक काळ डिझेलचा परतावा, बर्फ आणि अनुदानाचे कागद यांतच जातो.

जपानचे सगळेच आलबेल नाही. 1984 मध्ये सव्वा कोटी टनांच्या वर गेलेले तेथील मत्स्योत्पादन आता चाळीस लाख टनांच्याही खाली आले आहे आणि होड्यांवर म्हातारी माणसेच अधिक दिसतात. शिवाय बांगडा किंवा तारली गावाची हद्द पाळत नाही. म्हणून आपल्याकडच्या संस्थांना असा सामाईक हक्क आधी रापणीच्या जागांसाठी आणि खाडीतल्या तिसऱ्या (शिंपल्या), कालवे यांच्यासाठी द्यावा असे मला वाटते. तिसऱ्या वेचणाऱ्या बायकांची नावे संस्थेच्या सभासद-यादीत पहिल्या दिवसापासून हवीत, कारण त्या होडीच्या मालक नसतात आणि एरवी त्या यादीबाहेरच राहतील.

मामेभाऊ स्वतः पाणीपुरवठा संस्थेचा संचालक आहे. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "रापणीची जागा कुठनं कुठवर, हे कुठल्या दप्तरात लिहिलंय का?" म्हाताऱ्या रापणकरांना ती तोंडपाठ आहे. त्यांच्याबरोबर किनाऱ्याने चालत जाऊन ती नकाशावर उतरवून घेण्याचे काम एका पावसाळी बंदीच्या काळात, 1 जून ते 31 जुलै या दोन महिन्यांत, सुरू करता येईल.